पॅरिसचे चार दिवस, त्यात सोमवार-मंगळवार आडवे: क्रम कसा लावावा?

पाणवठा

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पॅरिसला जायचं ठरतंय. शनिवारी संध्याकाळी शार्ल द गोल विमानतळावर उतरणार, गुरुवारी सकाळी परत. म्हणजे पूर्ण दिवस चारच: रविवार ते बुधवार. आम्ही नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई (६८). आई सपाटीवर आरामात चालते, पण जिने चढताना गुडघा बोलतो. हॉटेल गार द लिऑं स्टेशनला लागून आहे.

यादी नेहमीचीच आहे: आयफेल टॉवर, लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं, नोत्र दाम आणि सेंत शापेल ही चर्चं, आर्क द त्रिऑम्फ ही कमान, मोंमार्त्रची टेकडी, सीन नदीतली बोट आणि जमलं तर व्हर्सायचा राजवाडा. पण सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद, मंगळवारी लूव्र बंद, त्यामुळे काही केल्या जुळत नाहीये. जाणकारांनी सांगावं:

क्रम काय ठेवावा? कशाची तिकिटं आधी काढायलाच हवीत आणि किती आधी? म्युझियम पास (एकाच पासावर अनेक संग्रहालयं) घ्यावा का? आणि आईला कुठे जपायला हवं?

दूरदेशी

सोमवार-मंगळवारचा घोळ दिसतो त्याहून थोडा मोठा आहे. सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद असल्यामुळे तिथली गर्दी लूव्रकडे वळते. मंगळवारी लूव्र बंद, म्हणून व्हर्सायला रीघ लागते. ओरांजरी हे संग्रहालयही मंगळवारी बंद असतं. म्हणजे त्या दोन दिवशी जे उघडं आहे तिथेही निवांतपणा नाही. म्हणून या दोन दिवसांत संग्रहालयं न घालता रोज उघडी असणारी ठिकाणं टाकायची: सेंत शापेल, नोत्र दाम, आर्क, आयफेल, मोंमार्त्र. रविवार आणि बुधवार संग्रहालयांना द्यायचे. निम्मं कोडं इथेच सुटतं.

दुसरी गोष्ट, दिवसाला वेळ ठरलेलं तिकीट एकच काढा. तो दिवसाचा खुंटा. बाकी सगळं त्याच्याभोवती, चालत जाता येईल अशा अंतरात. सकाळी दहाचं एक आणि दुपारी दोनचं दुसरं अशी दोन तिकिटं शहराच्या दोन टोकांना काढली की पहिल्या ठिकाणी घड्याळ बघत फिरावं लागतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत अर्धा तास गेला की दुसरं हातचं जातं.

तिसरी, वेळेचा फरक. मेमध्ये भारताचं घड्याळ पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असतं. तिथले रात्रीचे दहा म्हणजे तुमच्या शरीराचे दीड. पहिले दोन दिवस सगळे पहाटेच उठून बसाल आणि संध्याकाळी सातलाच पेंगाल. त्यामुळे सुरुवातीला सकाळची पहिली वेळ घ्या आणि रात्रीचे कार्यक्रम शेवटच्या दोन दिवसांवर ढकला. मेच्या उत्तरार्धात सूर्यास्तच साडेनऊच्या पुढे होतो. आयफेलचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लागतात. म्हणजे दहा-अकरापर्यंत जागणं आलं. मुलाला रविवारीच त्यासाठी जागवू नका.

माझ्या मते क्रम असा:

रविवार: साडेनऊला ओर्से उघडताच आत. आधी थेट पाचव्या मजल्यावर जा, इम्प्रेशनिस्ट चित्रं तिथे आहेत आणि अकरानंतर तिथेच दाटी होते. मग उतरत उतरत खाली या. इमारत मूळची १९०० सालची रेल्वे स्टेशनची, मधला दालनवजा भाग म्हणजे जुनी फलाटाची जागा. बाहेर पडून पादचारी पुलावरून सीन ओलांडली की त्विलेरी बाग. तिथे हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट असतात, आईंना तासभर बसू द्या. उत्साह असेल तर बागेच्या कोपऱ्यात ओरांजरी आहे. चित्रकार मोनेची कमळतळ्याची चित्रं दोन लंबगोल खोल्यांत भिंतभर लावलेली आहेत, पाऊण तासात होतं.

सोमवार: नऊला सेंत शापेल, तिथून पाच मिनिटांवर नोत्र दाम. दुपारी हॉटेलवर परत, विश्रांती. संध्याकाळी आर्क द त्रिऑम्फ. तिथे कमानीखाली अज्ञात सैनिकाच्या समाधीवरची ज्योत रोज साडेसहाला समारंभाने प्रज्वलित करतात, त्या वेळेला पोचा.

मंगळवार: सकाळी दहा-साडेदहाचा आयफेल, मग पलीकडे पोन द लाल्मा पुलापर्यंत चालत जाऊन बोट (सव्वा तासाच्या आतबाहेर). दुपारनंतर मोंमार्त्र.

बुधवार: सकाळ मोकळी ठेवा. पावसाने किंवा थकव्याने जे राहिलं असेल त्यासाठी. दुपारी चारनंतरची वेळ लूव्रसाठी. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, सहलीच्या गटांच्या बसेस पाच-सहापर्यंत निघून जातात. बाहेर पडाल तेव्हा काचेच्या पिरॅमिडमागे मावळतीकडे झुकलेलं ऊन असेल, आणि शेवटची रात्र म्हणून जागायलाही हरकत नाही.

व्हर्साय मुद्दाम घातलेलं नाही. चार दिवसांत ते घातलं की एक अख्खा दिवस जातो आणि उरलेल्या तीन दिवसांत धावपळ सुरू होते.

तिकिटांचं: सगळ्यात आधी आयफेल. लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि शिखरापर्यंतची सकाळची वेळ लवकर संपते. मग लूव्र, मग सेंत शापेल. ओर्सेला वेळेचं तिकीट घेतलेलं बरं. आर्कचं दोन-चार दिवस आधी काढलं तरी चालतं.

चाफेकळी

दूरदेशींच्या क्रमाला अनुमोदन. पैशांचं आणि आतल्या फिरण्याचं थोडं लिहिते.

१४ जानेवारी २०२६ पासून लूव्रचं तिकीट युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या प्रौढांसाठी ३२ युरो झालं आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तोच दर. १८ वर्षांखालच्या कोणालाही, कुठल्याही देशाचं मूल असो, लूव्र, ओर्से, ओरांजरी, आर्क, सेंत शापेल इथे प्रवेश मोफत आहे. पण मोफत म्हणजे विनातिकीट नव्हे. लूव्र आणि सेंत शापेलला मुलाचंही शून्य युरोचं वेळेचं तिकीट तुमच्याबरोबर, त्याच वेळेचं काढायचं. हे विसरलं की आई-वडील आत आणि मूल बाहेर अशी पंचाईत होते, कारण दारावर प्रत्येकाचा कोड वेगळा तपासतात. वयाचा पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट जवळ ठेवा.

म्युझियम पास: मुलासाठी अजिबात घेऊ नका. मोठ्यांसाठी हिशोब करून घ्या. हा पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा असतो आणि पहिल्या वापरापासून तास सलग मोजले जातात, मधला मोकळा दिवसही त्यात जातो. आयफेल त्यात येत नाही. नोत्र दामचा प्रवेश मुळातच फुकट आहे. मोंमार्त्रचं साक्रे कर चर्चही फुकट. तुमच्या क्रमात पासावर मोडणाऱ्या गोष्टी उरतात चार: ओर्से, सेंत शापेल, आर्क, लूव्र (ओरांजरी धरलं तर पाच). चारही सुट्या तिकिटांची बेरीज ९६ तासांच्या पासाच्या त्या वेळच्या किमतीशी ताडून पाहा. व्हर्साय नसेल तर फरक फार राहत नाही. आणि पास असला तरी लूव्र, सेंत शापेल, ओरांजरी यांची वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते. पास आहे म्हणून कधीही जाऊन उभं राहायचं, असं होत नाही. वेळा संपल्या असतील तर पास असून नसून सारखाच.

आता लूव्र. पिरॅमिडच्या दाराशी वेळेनुसार वेगळ्या रांगा असतात, पण ऊन-पाऊस डोक्यावर. पाले रॉयाल-म्युझे द लूव्र या मेट्रो स्टेशनातून जमिनीखालूनच कारुझेल नावाच्या दुकानांच्या भागात येता येतं, तिथूनही प्रवेश आहे. तुमच्या आईंसाठी तोच बरा. ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत.

आत तीन बाजू आहेत: दनॉं, स्युली, रिशेल्यू. मोनालिसा दनॉंमध्ये पहिल्या मजल्यावर, खोली क्रमांक ७११. सगळ्या गर्दीचा ओघ तिथे. जाताना 'दारू' नावाच्या जिन्याच्या माथ्यावर पंख पसरलेल्या विजयदेवतेची मूर्ती दिसते, ती बघायला जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबा, वर पोचल्यावर ती फार जवळ येते. मोनालिसा ७७ × ५३ सेंटिमीटरचं चित्र आहे, काचेमागे, समोर कठडा आणि नागमोडी रांग. फोटोसाठी धडपडून पुढे जायचं, दहा-वीस सेकंदांत बाजूला व्हायचं, असा प्रकार. त्याच खोलीत बरोब्बर समोरच्या भिंतीवर चित्रकार व्हेरोनेझेचं "कानाचं लग्न" (काना हे बायबलमधलं गाव) आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि बहुतेक लोक त्याकडे पाठ करून उभे असतात. मोनालिसा झाली की वळा आणि ते नीट बघा. जेवणाच्या पंगतीत कुत्री, मांजर, वादक, मद्य ओतणारा नोकर, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चाललेलं आहे. मुलाला दहा गोष्टी शोधायला सांगा, तो कंटाळणार नाही.

मग तिथून थेट रिशेल्यूच्या तळमजल्यावर. इराकमधल्या खोर्साबादचे पंखवाले, माणसाच्या तोंडाचे प्रचंड बैल आणि बॅबिलोनचा राजा हमुराबी याची कायदे कोरलेली काळी शिळा तिथे आहे. बैलांना पाय पाच आहेत: समोरून पाहिलं तर उभा वाटतो, बाजूने पाहिलं तर चालताना. संध्याकाळी इथे शांतता असते. व्हीनस द मिलो हा देवतेचा पुतळा स्युलीच्या तळमजल्यावर वाटेत लागतो. एवढं तीन तासांत होतं. सगळं लूव्र बघायचा नाद सोडा, चौथ्या तासाला चित्रं दिसेनाशी होतात, फक्त बाक दिसतात.

सेंत शापेलबद्दल एकच गोष्ट: हे चर्च न्यायालयाच्या आवारात आहे, म्हणून तपासणी विमानतळासारखी. कात्री, चाकू, काचेची बाटली काढून घेतात. आईंच्या पर्समधली छोटी सुरी किंवा अडकित्ता हॉटेलवरच ठेवा. वरच्या मजल्यावर पंधरा खिडक्या, प्रत्येकी साधारण पंधरा मीटर उंच, आणि हजारावर प्रसंग काचेत चितारलेले. उन्हाचा दिवस असेल तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. बुधवारची मोकळी सकाळ त्यासाठीही उपयोगी.

रानमोगरा

आईंच्या गुडघ्यासाठी जिन्यांचा हिशोब:

आर्क द त्रिऑम्फच्या गच्चीवर जायला २८४ पायऱ्या, गोल जिना. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. लिफ्ट बंद असेल तर आईंनी खाली ज्योतीपाशी थांबावं, कमानीखाली जायला तिकीट लागत नाही. आणि कमानीपर्यंत चौकातून रस्ता ओलांडून कोणीही जाऊ नका. बारा रस्ते एकत्र येतात, सिग्नल नाही. शाँझेलिझे रस्त्याच्या बाजूने भुयारी वाट आहे.

नोत्र दाम: चर्च सपाट, प्रश्न नाही. मनोऱ्यांवर मात्र ४२४ पायऱ्या आणि लिफ्ट नाही, तिकीटही वेगळं. आईंसाठी ते सोडा.

सेंत शापेलचा वरचा मजला अरुंद गोल जिन्याने, थोडक्या पायऱ्या, पण उंच. विनंती केल्यास लिफ्टची सोय होते.

आयफेल: लिफ्टने दुसऱ्या मजल्यापर्यंत (सुमारे ११६ मीटर), तिथे दुसरी लिफ्ट शिखराकडे (२७६ मीटर). मध्ये पुन्हा रांग लागते. वारा जास्त असेल किंवा वर गर्दी झाली तर शिखर बंद करतात. खरं सांगायचं तर शहर ओळखू यावं यासाठी दुसरा मजलाच जास्त चांगला, शिखरावरून सगळं नकाशासारखं सपाट होतं. आईंसोबत असाल तर दुसऱ्या मजल्याचंच तिकीट काढा, एक रांग वाचते.

मोंमार्त्र: साक्रे करच्या पायथ्यापासून दोनशेवर पायऱ्या. डाव्या बाजूला छोटी केबल रेल्वे आहे, फ्युनिक्युलर. तिला साधं मेट्रोचंच तिकीट चालतं. मेट्रो अँव्हर स्टेशनवर उतरा. आबेस स्टेशन नकाशावर जवळ दिसतं पण ते खूप खोल आहे, लिफ्ट बंद असली तर गोल जिना चढत बसावं लागतं.

मेट्रोचं एकूणच असं आहे की जुन्या मार्गांवर लिफ्ट क्वचित. सगळ्या स्थानकांत लिफ्ट असलेला मार्ग एकच, १४ क्रमांकाचा, आणि तो तुमच्या गार द लिऑंला येतो. मार्ग १ देखील तिथूनच जातो आणि तुमच्या यादीतलं बरंच काही त्याच एका मार्गावर आहे: ओतेल द व्हील (नोत्र दामला चालत), पाले रॉयाल (लूव्र), कॉंकॉर्द (ओरांजरी, आणि पूल ओलांडून ओर्से), शार्ल द गोल-एत्वाल (आर्क). हॉटेलची जागा उत्तम निवडली आहे. आयफेलसाठी एत्वालला उतरून मार्ग ६ घ्या आणि बीर-आकेमला उतरा. पासी स्टेशन सुटलं की गाडी पुलावरून नदी ओलांडते, डावीकडे टॉवर दिसतो. आईंना डाव्या खिडकीशी बसवा.

जिने अगदीच नको असतील तर बस. बसमध्ये पायरी नसते. ६९ क्रमांकाची बस शाँ द मार्सहून (आयफेलच्या पायथ्याची बाग) ओर्से, लूव्र, ओतेल द व्हील करत बास्तीयला येते. पण लक्षात ठेवा, मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही. २०२५ पासून मेट्रो-रेल्वेचं तिकीट वेगळं आणि बस-ट्रामचं वेगळं आहे.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. तीन शंका उरल्या. व्हर्सायसाठी बायकोचा आणि आईचा आग्रह आहे, काहीच मार्ग नाही का? आयफेलची तिकिटं आमच्या तारखांना संपली तर काय करायचं? आणि विमानतळावरून ट्रेन बरी की टॅक्सी? आठवड्याचा पास घ्यावा का?

अवकाळी

व्हर्सायबद्दल दूरदेशींशी थोडा मतभेद. घरच्या दोघींना तेच बघायचं असेल तर ते वगळून मोंमार्त्र ठेवण्यात अर्थ नाही. फक्त ते बुधवारी घाला, मंगळवारी नको. मग क्रम असा फिरतो: सोमवारी सकाळी नऊची पहिली वेळ घेऊन लूव्र (सोमवारची गर्दी दहा-साडेदहानंतर वाढते, तोवर मोनालिसा उरकलेली असते. सोमवारी सहाला बंद होतं हे ध्यानात ठेवा). मंगळवारी सकाळी सेंत शापेल आणि नोत्र दाम, संध्याकाळी सहा-सातचा आयफेल. रविवारी सकाळी ओर्से आणि संध्याकाळी आर्क. मोंमार्त्र आणि बोट यांपैकी एकच बसेल. नोत्र दाम रविवारी टाकू नका, तेव्हा प्रार्थना एकामागून एक चालू असतात आणि पाहुण्यांना हवं तसं फिरता येत नाही.

व्हर्सायला जाताना राजवाड्याचं नऊ-साडेनऊचं तिकीट घ्या. तिथे तीन रेल्वे स्थानकं आहेत आणि नावं सारखी. राजवाड्याला जवळचं व्हर्साय शातो रीव्ह गोश, आरईआर या उपनगरी रेल्वेच्या सी मार्गाचं शेवटचं स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. तुमच्यासाठी सोपं म्हणजे मेट्रो १४ ने बिब्लिओतेक फ्रांस्वा मितेरां, तिथे आरईआर सी. सी मार्गाला फाटे बरेच, तेव्हा फलाटावरच्या फलकावर व्हर्साय शातोपुढे दिवा लागलाय का ते बघूनच चढा. चुकून दुसऱ्या फाट्यावर गेलात की तासाची फोडणी.

राजवाड्यात एकाच दिशेने चालायचं असतं. आरसेमहाल ७३ मीटर लांब, ३५७ आरशांचा. तिथे घाईघाईने पुढे ढकलले जाल, म्हणून आत शिरल्यावर खिडक्यांच्या बाजूला सरका. प्रवाह आरशांच्या बाजूने जास्त असतो आणि खिडकीतून बागेची सरळ रेष कालव्यापर्यंत दिसते. ट्रियानों हे छोटे महाल दुपारी बारालाच उघडतात आणि राजवाड्यापासून दीड किलोमीटरवर आहेत. आईंना चालवू नका, आवारात छोटी गाडी फिरते, तिचं तिकीट वेगळं. हंगामात कारंजी किंवा संगीत असलेल्या दिवशी बागेलाही तिकीट लागतं, तारीख बघून तसं तिकीट काढा.

आयफेल संपलं तर घाबरू नका. आधी अधिकृत संकेतस्थळावर रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा, रद्द झालेली परत दिसतात. नाहीतर जिन्याचं तिकीट: दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. एकजण आणि मुलगा चढू शकतात, आई खाली बागेत. तिसरा मार्ग म्हणजे वर न जाणं. आर्कच्या गच्चीवरून जे दृश्य दिसतं त्यात आयफेल असतो, आयफेलवरून दिसणाऱ्या दृश्यात तो नसतो. हे समाधान म्हणून सांगत नाही, फोटोंसाठी आर्क खरंच सरस आहे. गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या "रांग टाळा" वाल्या जाहिरातींतून तिपटीने महाग तिकीट घेऊ नका. ते फक्त तिकीटखिडकीची रांग टाळतात, तपासणीची रांग सगळ्यांना तीच. नोत्र दामच्या प्रवेशाचं तिकीट कोणी विकत असेल तर ती सरळ फसवणूक. वेळ आरक्षित करायची असेल तर चर्चच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दोनेक दिवस आधीपासून मोफत मिळते, आणि आरक्षण नसलं तरी रांग बऱ्यापैकी भराभर सरकते.

तिकिटं भारतातूनच काढा आणि त्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. तिकडे गेल्यावर ओटीपी येईलच असं नाही आणि पंधरा मिनिटांत निवडलेल्या तिकिटांची टोपली रिकामी होते.

विमानतळ: २०२६ मध्ये ट्रेनचं विमानतळ तिकीट माणशी १४ युरो. चौघांचे ५६. विमानतळ ते सीनचा उजवा (उत्तरेकडचा) काठ टॅक्सीचं ठरलेलं भाडंही ५६ युरो (डाव्या काठाला ६५), आणि गार द लिऑं उजव्या काठावर. सामान आणि आई बरोबर असताना ट्रेनचा विचारही करू नका. मात्र टॅक्सी बाहेरच्या अधिकृत रांगेतूनच. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्याच्या मागे जायचं नाही. साधं २.५५ युरोचं मेट्रो तिकीट विमानतळासाठी चालत नाही, व्हर्सायला मात्र तेच चालतं.

मेट्रो-रेल्वे-बसचा आठवड्याचा नाविगो पास सोमवार ते रविवार असा मोजतात, सात दिवस असा नव्हे. तुमचा रविवार त्यात येणारच नाही. उरले तीन दिवस. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर १२ × २.५५ म्हणजे तीस युरो साठ सेंट. पास ३२ च्या वर, शिवाय कार्डाचे ५ आणि २५ × ३० मिलिमीटरचा फोटो. गुरुवारी विमानतळाला ट्रेनने जाणार असाल तर पास फायद्याचा, टॅक्सीने जाणार असाल तर नाही. तुम्ही नाविगो ईझी नावाची साधी कार्डं घ्या, २ युरोला एक, त्यावर तिकिटं भरता येतात. एका कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं. आणि बाहेर पडेपर्यंत कार्ड हाताशी ठेवा, मध्येच तपासनीस उभे असतात आणि दंड जागेवर भरावा लागतो.

दूरदेशी

अवकाळींचा क्रम चांगला आहे, बुधवारचं व्हर्साय मान्य. मग एक बदल सुचवतो: मंगळवारी दुपारी दोन ते पाच सगळ्यांनी हॉटेलवर झोपा काढायच्या. संध्याकाळचा आयफेल आणि बुधवारचं व्हर्साय पाठोपाठ आहेत, ही झोप टाळली तर आईंना बुधवारी त्रास होईल. रात्री उतरल्यावर येना पूल ओलांडून त्रोकादेरोच्या बाजूला या. दिवे तिथून दिसतात आणि मेट्रोही तिथेच.

निशिगंध

खिसेकापूंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मेट्रोत दाराजवळ फोन हातात घेऊन उभं राहायचं नाही. दार बंद होताना हिसकावून उडी मारतात, गाडी निघून जाते. मार्ग १ वर हे विशेष जपा. साक्रे करच्या पायथ्याशी हातात दोरा बांधायला येतात, बांधला की पैसे मागतात. दोन्ही हात खिशात घालून सरळ चालत राहायचं, बोलायचं नाही. लूव्र आणि आयफेलपाशी कागद-पेन घेऊन सही मागणाऱ्या मुलींचा गट दिसेल. तुम्ही कागदाकडे बघताय तेव्हा दुसरी पर्सकडे बघत असते. वाट्यांखाली चेंडू लपवण्याचा खेळ चाललेला दिसला तर आजूबाजूचे जिंकणारे त्यांचेच असतात.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, फोटोप्रत फोनमध्ये. मुलाचा मात्र मोफत प्रवेशासाठी लागेल, तो आईंच्या गळ्यातल्या, कपड्यांच्या आत राहणाऱ्या पिशवीत ठेवा. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या.

स्वच्छतागृहांचं: रस्त्यावरच्या करड्या स्वयंचलित खोल्या मोफत असतात, पण प्रत्येक वापरानंतर आतून धुऊन निघेपर्यंत दार बंद राहतं. आधीचा माणूस बाहेर पडताना दार धरून लगेच आत शिरलात तर धुणं तुमच्या अंगावर. दार लागू द्या, हिरवा दिवा लागला की बटण दाबा.

पाणवठा

कळलं. आयफेल मंगळवार संध्याकाळ दुसरा मजला, लूव्र सोमवार नऊ (मुलाच्या शून्य युरोच्या तिकिटासह), व्हर्साय बुधवार. बायकोने कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले आहेत. आयफेलची आमच्या तारखेची तिकिटं येत्या शुक्रवारी उघडतील, तेव्हा बसतो.

रानमोगरा

लूव्रमध्ये चाकाची खुर्ची मोफत मिळते, ओळखपत्र ठेवून. आईंना आज गरज वाटत नसली तरी आत गेल्या गेल्या घ्या. तीन तासांनी मागायला गेलात तर पुन्हा प्रवेशद्वारापर्यंत चालत यावं लागेल.